पोटखराबा

आमच्या बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत. सात रिकाम्या. दोनांत कोरफड आहे, कारण कोरफड माझ्या हातूनही मरत नाही. एकीत तुळस आहे, ती चौथी. आधीच्या तिघींबद्दल घरात कुणी बोलत नाही. अकरावीत बायको कांद्याची पात लावते आणि तिला हात लावायची मला बंदी आहे. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी भाच्याला शेतजमीन मिळवून द्यायचं कबूल केलं.

भाचा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. दोन वर्षं एका खतकंपनीसाठी मोटारसायकलवरून गावोगाव हिंडला आणि एका दिवाळीला, ऐन फराळात, त्याने जाहीर केलं की आता दुसऱ्यांच्या शेतात फिरणं पुरे, मला स्वतः शेती करायची आहे. ताईच्या हातातली चकली हातातच राहिली. मेहुणे पोस्टात होते. त्यांच्या घराण्याचा मातीशी संबंध गणपतीच्या मूर्तीपुरता. सगळे गप्प झाले. अशा वेळी शहाण्या माणसानेही गप्प राहायचं असतं. मी म्हणालो, "जमिनीचं माझ्यावर सोड."

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ लॉकरच्या चाव्या सांभाळण्यात. पण लोकांना बँकवाला म्हणजे जमीनजुमल्यातला जाणकार वाटतो, आणि हा गैरसमज दूर करायची तसदी मी कधी घेतलेली नाही.

पहिल्याच रविवारी एक एजंट आम्हाला भोर तालुक्यात घेऊन गेला. त्याचे बूट पांढरे होते, यावरूनच मला काही कळायला हवं होतं. जमीन 'रोड टच' होती, म्हणजे रोडला आमची गाडी टच झाली, जमीन पुढे पाऊण किलोमीटर. मधली पाणंद गावच्या नकाशावर ठळक होती. प्रत्यक्षात तिच्यावर कुणीतरी ज्वारी पेरली होती. "पाण्याचं टेन्शनच नाही," एजंट म्हणाला. ते खरं होतं. पाणीच नव्हतं. विहीर होती, पण ती शेजाऱ्याची.

मग त्याने सातबारा काढला. "काका, एकदम कोरा आहे."

मी चष्मा लावला. "कोरा कसा? सोळा नावं आहेत की यावर!"

कोरा म्हणजे बोजा नसलेला, हे भाच्याने माझ्या कानात सांगितलं. इथे थांबायला हरकत नव्हती, पण मी वाचत गेलो. आकार या रकान्यात १.२५ लिहिलं होतं. मी समोरच्या लांबट तुकड्याकडे बघत विचारलं, "याचा आकार सव्वा कसा?" एजंटने भाच्याकडे बघितलं, भाचा डोंगराकडे बघू लागला. आकार म्हणजे सरकारला भरायचा सारा. सव्वा रुपया. त्याखाली 'पोटखराबा' दिसलं. मी सहानुभूतीने विचारलं, "कुणाचं?"

जमिनीतला जो भाग लागवडीच्या कामाचा नसतो तो पोटखराबा. ओढा, खडक, बांधाची जागा. भाचा मला हल्ली कधीकधी याच नावाने हाक मारतो.

क्षेत्र होतं बावीस गुंठे. हा आकडा एजंटने मोठ्या हुशारीने निवडला होता. तुकडेबंदी कायद्याने जिरायत जमिनीचा वीस गुंठ्यांहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ पर्यंत ही मर्यादा बहुतेक ठिकाणी याहून मोठी होती. नंतर जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे झाली. भाव एकरी पन्नास लाख, म्हणजे बावीस गुंठ्यांचे साडेसत्तावीस. मी बँकेत शिकलेला चेहरा केला आणि म्हणालो, "जरा बसून बोलू."

"बोलू की," एजंट म्हणाला. "तुम्ही शेतकरी आहात ना पण?"

मी म्हणालो, "व्हायचंय म्हणून तर आलोय."

तो इतका हसला की शेजाऱ्याच्या विहिरीवरची कबुतरं उडाली.

प्रकरण असं आहे. १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे, त्याचं कलम ६३. त्यानुसार जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदलीने देता येत नाही आणि खंडानेही देता येत नाही. शेतकरी व्हायला जमीन पाहिजे, जमीन घ्यायला शेतकरी पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच प्रकार. यातून वाट आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते. मी आनंदाने तो भाग मोठ्याने वाचायला घेतला आणि अर्ध्यात माझा आवाज बसला. शेती करण्यासाठी जमीन घेणाऱ्या बिगरशेतकऱ्याचं इतर मार्गांनी होणारं वार्षिक उत्पन्न १२,००० रुपयांपेक्षा जास्त असलं, तर परवानगी नाही.

वार्षिक. मी पुन्हा वाचलं. म्हणजे महिन्याला हजार रुपये कमवायचे आणि एकरी पन्नास लाखांची जमीन घ्यायची. गंमत म्हणजे केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार मिळून शेतकऱ्याच्या खात्यावर वर्षाला सन्मानाचे म्हणून जमा होतात तेही बाराच हजार. सरकारला बारा हजारांबद्दल काहीतरी विशेष जिव्हाळा असावा.

कायद्याला नुसतं हसूही नये. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सावकार होते, शहरातले पैसेवाले होते, जमिनीवर पाय न ठेवता ती गिळणारे होते. थोडक्यात, माझ्यासारख्यांपासून जमीन वाचवायची होती, आणि माझा सातबारा वाचनाचा कार्यक्रम पाहिलेल्या कुणालाही त्यात शहाणपणच दिसेल. अडचण एवढीच की माझ्यासाठी लावलेल्या जाळ्यात भाचा अडकला.

"शेतकऱ्याचा दाखला करून देऊ ना," परतताना एजंट म्हणाला. "दुसऱ्या जिल्ह्यातला. कोण बघतंय?" मी एक रात्र विचार केला. सकाळी बायको म्हणाली, "पेन्शन चालू आहे तोवर असले विचार रात्रीच करत जा." विषय संपला.

मग मला आजोबा आठवले.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबा मुंबईला कारकून. गावच्या शेताशी त्यांचा संबंध वर्षाला येणाऱ्या तांदळाच्या गोणींपुरता. चिखलात पाय त्यांचा कधी गेला नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि जमीन कसणारी कुळं कायद्याने मालक झाली. आमच्या घरात ती तारीख श्राद्धतिथीसारखी पाळली जायची. 'आमची जमीन गेली' हे वाक्य मी लहानपणी रामरक्षेच्या आधी शिकलो. तारीख १ एप्रिल असल्यामुळे आजोबांना बरीच वर्षं वाटत होतं की सरकार कधीतरी हसून म्हणेल, फसलात! ते गेले, सरकार काही हसलं नाही.

पण सगळीच गेली का? एखादा तुकडा राहिला असेल तर त्यावर माझं नाव लागेल, आणि नाव लागलं की मी शेतकरी. भाच्याला घेऊन मी गाव गाठलं.

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. मी तीनदा तसं म्हटलं, चौथ्यांदा तेच म्हणाले, "तलाठी म्हणा हो, काम लवकर होईल." तास-दीड तास जुने फेरफार चाळल्यावर त्यांना एक गट सापडला. वरकस जमीन, चार आर, म्हणजे चारशे चौरस मीटर. जांभ्या दगडाचा माळ. कुळाने कसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं म्हणूनच तो आमच्याकडे राहिला होता, आणि अजून पणजोबांच्या नावावर होता. पणजोबांना चार मुलगे, आजोबांना चार अपत्यं. वडिलांच्या वाट्याला सोळावा हिस्सा. पंचवीस चौरस मीटर.

"आमचा हॉल बाल्कनी धरून एवढाच आहे," मी भाच्याला आनंदाने म्हणालो.

"वारस किती?" तलाठ्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"मी एकटा."

"बहीण नाही?"

"आहे. हा माझ्या बहिणीचाच..." मी भाच्याकडे बोट केलं, आणि तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर, उत्तर समोर लिहिलेलं असताना गणित चुकणाऱ्या पोराकडे बघणाऱ्या मास्तरांचे भाव होते. "अहो, मग यांच्या आईही वारस. अर्धा हिस्सा त्यांचा. त्यांचं नाव लावा सातबाऱ्यावर, म्हणजे हेही शेतकरी कुटुंबातले झाले. एवढं सोपं काम, आणि तुम्ही जमिनी कसल्या शोधताय?"

भाच्याचा चेहरा उजळला. माझा उतरू लागला, कारण माझ्या पिशवीतल्या फाईलमध्ये, जय्यत तयारी म्हणून घरातले झाडून सगळे कागद आणले होते त्यात, ताईचं हक्कसोडपत्र होतं.

२००९. वडील गेले, पुण्याचा फ्लॅट माझ्या नावावर व्हायचा होता. ताईने एका शब्दाने काही विचारलं नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही केली, अंगठे दिले, फोटो काढला. मी तिला साडी घेतली, बाहेर थाळी खाऊ घातली आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं की भावाबहिणीचं असं असावं. त्या कागदात फ्लॅटचा पत्ता संपल्यावर एक वाक्य आहे : 'तसेच इतर कोठेही असलेली अगर पुढे निष्पन्न होणारी सर्व स्थावर मिळकत.' ते वाक्य मी घालायला लावलं होतं. वकील म्हणाला होता, कशाला? मी म्हणालो होतो, "असू द्या हो. पुढे कटकट नको."

तो कागद भाच्याने मोठ्याने वाचला. त्याला वाचायची घाई नव्हती.

"म्हणजे मामा, आई शेतकरी होती."

"होती."

"दुपारी थाळी खाईपर्यंत."

तलाठ्यांनी शिपायाला चहा सांगितला. असे प्रसंग त्यांना रोजचे असावेत.

मी भावनेच्या भरात जाहीर केलं की माझ्यातला अर्धा हिस्सा आत्ताच्या आत्ता ताईच्या नावे बक्षीसपत्र करून देतो. "कसा देणार?" तलाठी म्हणाले. "त्या शेतकरी कुठे आहेत? कलम ६३." साडेबारा चौरस मीटरचा तुकडा पाडता येत नाही, ते वेगळंच. बरं, मेल्यावर मिळेल असं मृत्युपत्रात लिहावं? त्याच कायद्याच्या गुजरातेतल्या रूपाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिलाय की मृत्युपत्रानेही बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येणार नाही. म्हणजे घेताना एक साडी पुरली, परत द्यायला मरणही पुरत नव्हतं.

पंधरा दिवसांची नोटीस झाली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि तीसेक सहहिस्सेदारांच्या यादीत शेवटून तिसरा असा मी शेतकरी झालो. पेढे वाटले. ताईनेही एक घेतला. 'अभिनंदन' म्हणाली, तिच्या आवाजात काहीही नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

शेतकऱ्याच्या दाखल्यासाठी तालुक्याला गेलो तेव्हा बाकावर शेजारी एक बाई बसली होती. तिची जमिनीसाठीची ही कितवी खेप, हे तिने मोजायचं सोडलं होतं. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी सरकारची योजना आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची. नावही योग्यच. १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह या माणसाने उभे केले, हजारो लोक तुरुंगात गेले. योजनेत सरकार जमीन विकत घेऊन देतं, पण ठरलेल्या कमाल दराच्या आत विकणारा कुणी भेटला तर. ती बाई तो विकणारा शोधत होती. तिने मला विचारलं, "तुमचं काय काम?" मी म्हणालो, "असंच, एक दाखला." पंचवीस चौरस मीटरची गोष्ट तिला सांगायला जीभ उचलेना.

दाखला घेऊन मी पुन्हा भोर गाठलं. मधल्या काळात रिंगरोडच्या चर्चेने त्या बावीस गुंठ्यांचा भाव एकतीस लाखांवर नेला होता. मी भाच्याला म्हणालो, "माझ्या फंडातून घेतो, नाव माझं, कसायला तू." भाच्याने मोबाईलवर हिशेब मांडला. बावीस गुंठ्यांत भात नीट पिकलं तर नऊ क्विंटल. २०२४ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये. एकूण २०,७००. बी, खत, मजुरी सगळं फुकट धरलं तरी एकतीस लाख सुटायला दीडशे वर्षं. "मामा, तुझा फंड राहू दे," तो म्हणाला. "मला जमीन घ्यायचीच नाहीये. मला ती कसायची आहे." हे वाक्य त्याने दिवाळीतही म्हटलं होतं म्हणे. मी तेव्हा करंजी खात होतो.

आणि गंमत बघा, जमीन गावातच होती.

आमच्या जुन्या कुळाचा मुलगा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा. एके काळची आमची, आता त्यांची दोन एकर भातखाचरं सहा वर्षं पड होती. मुलगे विरार आणि नालासोपाऱ्याला. गवत कमरेएवढं, बांध रानडुकरांनी उकरलेले. भाचा चहाला गेला आणि दोन तासांनी गुडघाभर चिखल घेऊन परतला. दोघांनी मिळून पाण्याची जुनी वाट शोधली होती. आबांना पोरगा आवडला. "कर तू अर्धेलीने," ते म्हणाले.

इथे मी मध्ये पडलो. बँकवाल्याला कागदाशिवाय झोप लागत नाही. म्हणालो, "आबा, एक साधा करार करून घेऊ. पाच वर्षांचा. दर वर्षी पावती."

आबा उठले, आतून पत्र्याची ट्रंक घेऊन आले. तळाशी, फडक्यात बांधलेल्या, पिवळ्या पडलेल्या पावत्या होत्या. खाली आजोबांची सही. मी ती ओळखली. माझ्या प्रगतिपुस्तकांवर तीच असायची.

"तुमच्या आजोबांना खंड घातल्याच्या ह्या पावत्या," आबा म्हणाले. "बापाने जपल्या म्हणून जमीन नावावर झाली. कागदाने काय होतं ते मला सांगू नका, भाऊ. कागद नको, पावती नको. मिरगापासून अकरा महिने. पुढचं पुढे."

माझ्या आजोबांची भीती आता आबांच्या घरात राहायला आली होती. मला त्यांना समजवायचा अधिकार होता असं वाटत नाही. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याला कागद द्यावा आणि मालकाची मालकीही सुरक्षित राहावी, असा नमुना कायदा नीती आयोगाने २०१६ मध्येच करून ठेवलाय. माझं स्पष्ट मत आहे की जमीन विकत घेऊन देण्याच्या गप्पांपेक्षा हे एक काम भाच्यासारख्यांना जास्त उपयोगी पडेल. पण ते मत मी आबांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं," आणि ट्रंकेला कुलूप घातलं.

लावणीला मी मदतीला गेलो. रेनकोट, गमबूट, छत्री, सगळं नवं. बांधावरून चालताना एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने मोबाईल धरू नये, हे कृषी विद्यापीठात शिकवत असतील. बँकेत नाही शिकवत. मी घसरलो, बांध फुटला, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात गेलं आणि मी जिथे बसलो तो तरवा होता, लावणीसाठी वाढवलेली रोपं. दोन गुंठ्यांची रोपं माझ्याखाली गेली. आबांनी मला हात देऊन उठवलं आणि त्याच वेळी तोंडी करारात एक कलम वाढवलं : मामांनी बांधावर यायचं नाही.

परतीच्या पावसाने कापणीला आलेलं निम्मं भात झोपवलं. पंचनामा झाला तो आबांच्या नावाने. सातबारा त्यांचा, मोबाईलवरची ई-पीक पाहणी त्यांच्या नावाची. भाचा त्या शेतात सरकारला कुठेच दिसत नाही. मदतीची रक्कम आबांच्या खात्यावर आली, ती त्यांनी बँकेतून काढून सगळीच्या सगळी भाच्याच्या हातात ठेवली. पावती मागितली नाही, दिलीही नाही. भातानंतर त्याने कुळीथ केले. ताईने मला चार किलो पीठ पाठवलं.

पीठ मिळाल्याचं सांगायला मी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "तेव्हा घेतलेल्या साडीचा रंग आठवतो का रे तुला?"

मला आठवला नाही.

आबांचा धाकटा मुलगा यंदा नालासोपाऱ्याहून परत येतोय. त्यालाही शेतीच करायची आहे, आणि त्यांच्या घरी त्यावरून आनंद आहे, तो रास्तच आहे. भाच्याचे अकरा महिने वैशाखात संपतात. संगमेश्वर, देवरुख, लांजा, राजापूर या बाजूला कुणाची खाचरं पड असतील तर कळवा. कागद नसला तरी चालेल. भाचा एकटाच येईल.